म्हणे, शांत स्वभावाचे होते

बाबा सलूनमधल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले. दाढी अर्धी झाली होती. एक गाल स्वच्छ, दुसऱ्यावर फेस. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच ते सलून आहे आणि चालवणारा बाबांचाच जुना विद्यार्थी. नेहमीप्रमाणे बाबा त्याच्याशी वाद घालत होते. त्याने बाहेर पाटी लावली होती, 'पन्नास टक्के सूट', आणि बाबांचं म्हणणं, पन्नास टक्के कशाचे ते लिही, नाहीतर पाटी उतरव. तो ब्रश धुवायला वळला आणि पाठमोराच काहीतरी उत्तर देत राहिला. बाबांकडून उलट उत्तर आलं नाही, तेव्हा त्याने वळून पाहिलं.

माझं चष्म्याचं दुकान दोन चौक पलीकडे आहे. गिऱ्हाइकाला तसंच खुर्चीत सोडून मी धावत पोचले, तोवर डॉक्टर येऊन गेले होते. बाबांचे दोन्ही गाल स्वच्छ होते.

"ताई, राहिलेली मी करून टाकली," सलूनवाला म्हणाला. तो वस्तरा पुसत होता. "सरांना अर्धवट सोडलेलं काम चालायचं नाही. असं पाठवलं असतं तर मलाच बोलले असते."

पुढच्या दिवसांत आमच्या बैठकीच्या खोलीत जी माणसं येऊन बसली, त्यातलं कुणी इतकं खरं बोललं नाही. प्रत्येकजण आत आला की आधी आवाज खाली आणायचा, मग आईचा हात हातात घ्यायचा आणि मग तेच वाक्य. किती शांत स्वभावाचे होते. कधी कुणाला उलट बोलले नाहीत. कुणाचं मन दुखावलं नाही. खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर हे म्हणाले, तेव्हा मला राहवलं नाही. पाण्याच्या टाकीवरून बाबा या गृहस्थांशी दोन वर्षं भांडत होते, आणि ते भांडण जिंकलेही होते.

"काका, तुम्हाला ते बिनडोक म्हणाले होते," मी म्हटलं.

"अगं, प्रेमाने," काका म्हणाले.

प्रेमाने नव्हतं. मी तिथे होते.

बाबा शांत नव्हते. बोलता बोलता टेबलावर मूठ आपटायचे, आणि त्याने चहा सांडला तर टेबल डुगडुगतं म्हणून टेबलाला बोल लावायचे. बँकेतल्या काउंटरवर, बसथांब्यावर, औषधांच्या दुकानात त्यांचं कुणाशी ना कुणाशी वाजायचंच. बाजारात आई मुद्दाम चार पावलं मागून चालायची. "हे माझ्या ओळखीचे नाहीत," असं ती भाजीवालीला सांगायची. भाजीवाली म्हणायची, "आमच्या चांगले ओळखीचे आहेत, बाई. काल वजनकाटा तपासून गेले."

शाळेत ते गणित शिकवायचे. मुलांनी त्यांना 'कर्ण' नाव पाडलं होतं. काटकोन त्रिकोणाचा कर्ण शिकवायचा दिवस आला की ते वर्गाच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात थेट बाकांवरून चालत जायचे, "हा बघा जवळचा रस्ता, हा बघा" असं म्हणत, आणि मुलं वह्या, डबे, बोटं पटापट बाजूला घ्यायची. हे एक कारण. दुसरं म्हणजे त्यांचे कान. बाबांचे कान म्हणजे एखाद्या बारक्या घराला लावलेली दोन मोठी झडपं. लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसले की मी ते धरूनच तोल सांभाळायचे. आपल्या मागे आपल्याला काय म्हणतात हे बाबांना ठाऊक होतं. "एका शब्दात दोन अर्थ बसवलेत गाढवांनी," ते म्हणायचे, "म्हणजे भाषेच्या बाईही बरं शिकवतात."

बरोबर आलेल्या उत्तराकडे ते ढुंकूनही बघत नसत. त्यांना चूक हवी असायची. फळ्यावर एखाद्याचं गणित फसलं की तो गडबडीने पुसायला जायचा, आणि बाबा त्याचा हात धरायचे. "पुसायचं नाही. कुठवर बरोबर होतास ते आधी बघू." मग खडूने तिथे एक रेघ ओढायचे. "हा बघ, इथवर तुझ्या डोक्याला काही झालं नव्हतं. इथे तू घाबरलास." वर्ग हसायचा, तो मुलगाही हसायचा, आणि पुढच्या वेळी रेघ दोन ओळी खाली सरकलेली असायची. हुशार मुलांवर मात्र ते सरळ अन्याय करायचे. मी हुशार होते, मला माहीत आहे. पूर्ण मार्कांचा पेपर घेऊन मी घरी आले की ते म्हणायचे, "बरं. जेवलीस का?"

अशा माणसाला शंभर टक्के निकालाचं वेड लागलेल्या शाळेत नोकरी करायची होती.

शाळेचे तेव्हाचे मुख्याध्यापक आता संस्थेचे अध्यक्ष आहेत. गोड बोलणारा माणूस. रागावला तरी आवाज तोच, साखरेत घोळलेला. त्यांनी शाळेची सूत्रं हातात घेतली आणि दोन-तीन वर्षांत फाटकावर मोठा फलक झळकला, 'निकाल शंभर टक्के'. मग दरवर्षी. गावभर वाहवा झाली. तो निकाल कसा लागतो हे बाबांना एका मुलीमुळे कळलं. मागच्या बाकावर बसणारी, लाँड्रीवाल्याची मुलगी, बोर्डाच्या परीक्षेला काही महिने उरलेले असताना अचानक यायची बंद झाली. आजारी आहे का बघावं म्हणून बाबा लाँड्रीत गेले, तर ती इस्त्री करत उभी होती. तिच्या वडिलांना शाळेत बोलावून सांगितलं होतं, मुलगी कच्ची आहे, नापास झाली तर तुमचीच बेअब्रू होईल; त्यापेक्षा दाखला घ्या आणि तिला बाहेरून बसवा. वडिलांनी शाळेचे आभार मानून दाखला घेतला होता. तशी त्या वर्षी बरीच मुलं गळली होती. दरवर्षीच गळत होती. आधी कच्ची मुलं शाळेतून काढायची, आणि मग एकही मूल नापास झालं नाही म्हणून फलक लावायचा.

बाबा त्याच पावली मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. तिथे काय झालं हे पुढे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की मला तोंडपाठ आहे.

"सर, बसा ना. पाणी घ्या," मुख्याध्यापक म्हणाले.

"पाणी नको. माझ्या वर्गातली मुलं कुठे आहेत?"

"सर, शाळेचं नाव म्हणूनही काही असतं."

"शाळेचं नाव शाळा आहे," बाबा म्हणाले. "ज्याला येतं त्यालाच ठेवायचं असेल तर मला पगार कशाचा देता?"

तिथून ते जे सुटले ते थांबले नाहीत. शिक्षकांच्या बैठकीत बोलले. फाटकाबाहेर उभं राहून पालकांशी बोलले. बाकीच्या शिक्षकांनी पायाच्या अंगठ्यांकडे बघत त्यांना पाठिंबा दिला, म्हणजे दिलाच नाही. आणि पुढच्या वर्षी शाळा उघडली तेव्हा बाबांच्या वाट्याला एकही वर्ग नव्हता. त्यांना 'शैक्षणिक साहित्य विभागप्रमुख' केलं होतं. विभाग म्हणजे जिन्याखालची खोली. तिथे गुंडाळलेले नकाशे, तडा गेलेला पृथ्वीगोल, पाय मोडलेल्या खुर्च्या आणि वरून सारखे जिन्यावरून धावणारे पाय. छप्पर उतरतं होतं, त्यामुळे दाराशी उभं राहता यायचं आणि आत गेलं की वाकावं लागायचं. निवृत्त होईपर्यंतची सगळी वर्षं माझ्या बापाला त्यांनी तिथे वाकायला लावलं.

बाबांनी हाय खाल्ली असं लोकांना वाटलं. हाय कसली खातात. शाळेतून काढलेल्या मुलांना त्यांनी तिथेच बोलावलं. शाळा सुटली की ती मागच्या दाराने यायची आणि नकाशांच्या गुंडाळ्यांवर बसायची. बाबा दाराच्या आतल्या बाजूला खडूने गणितं लिहायचे. शिपायाला हे माहीत होतं, आणि त्याला काही माहीत नव्हतं. निवृत्तीच्या दिवशी शाळेने ना निरोप दिला, ना कुणी दोन शब्द बोललं. बाबांनी किल्ली शिपायाच्या हातात ठेवली आणि ते घरी आले. आईने विचारलं, "झालं?" ते म्हणाले, "त्यांच्याकडून झालं." आणि दुसऱ्या दिवसापासून ती मुलं आमच्या स्वयंपाकघरात बसायला लागली.

आता त्या शाळेने बाबांची शोकसभा ठेवली.

मला जायचं नव्हतं. दादा म्हणाला, जायला हवं. दादा माझा थोरला भाऊ, दुसऱ्या शहरात विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि सगळ्यांशी जमवून घेण्याची त्याला कला आहे. ती त्याने कुठून उचलली देव जाणे. आमच्या घरात तिचा साठा नव्हता. "निदान ते आठवण तरी काढतायत," तो म्हणाला. "आपण कशाला वाईटपणा घ्यायचा?" आईने पायात चप्पल सरकवली, म्हणून मीही निघाले.

सभागृह भरलं होतं. स्टेजवर फुलांमध्ये बाबांचा मोठा फोटो ठेवला होता. जवळ जाऊन मी बघतच राहिले. फोटो बाबांचाच होता, पण कुणीतरी त्याला कॉम्प्युटरवर घेऊन बसलं होतं. कपाळावरच्या आठ्या नाहीत. भुवया विंचरल्यासारख्या. ओठांवर मंद हसू, जे बाबांच्या तोंडावर मी जन्मात पाहिलं नाही. ते हसायचे तर खो खो हसायचे, नाहीतर हसायचेच नाहीत. आणि कान कापले होते. खरंच सांगते, दोन्ही बाजूंनी व्यवस्थित, मापात आणून ठेवले होते. एखाद्या बँकेच्या जाहिरातीतले आजोबा वाटत होते.

"आई, कान बघ," मी कुजबुजले.

आईने बघितलं आणि पदराने चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "हे कोण?" ती म्हणाली.

मग भाषणं झाली. जे शिक्षक तेव्हा अंगठ्यांकडे बघत होते, ते एकेक करून माइकवर आले. शांत. संयमी. हसतमुख. वादविवादापासून चार हात दूर. माझ्या हाताच्या मुठी आपोआप वळत होत्या. सगळ्यात शेवटी अध्यक्ष उठले. केस पांढरे झालेत, आवाज तोच. सर म्हणजे शाळेचा आधारस्तंभ, सरांनी शेवटची वर्षं स्वेच्छेने पडद्यामागे राहून सेवा केली, असं म्हणाले. स्वेच्छेने. आणि मग, "सरांच्या स्मृतीप्रीत्यर्थ संस्था दरवर्षी गणितात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला पारितोषिक देणार आहे." टाळ्या पडल्या. "सरांच्या कन्येला मी विनंती करतो, बाळ, तू वर ये आणि दोन शब्द बोल."

दादाने माझी बाही धरली. "आभार मान आणि खाली ये," तो दबक्या आवाजात म्हणाला.

मी वर गेले. माइक माझ्या उंचीला लावायला कुणीतरी पुढे आलं, मी नको म्हटलं. माझा आवाज बाबांवर गेलाय.

"माझे वडील शांत नव्हते," मी म्हटलं. "इथल्या निम्म्या लोकांशी ते भांडलेत आणि तुम्हाला ते चांगलं आठवतंय. ते स्वेच्छेने पडद्यामागे गेले नाहीत. त्यांना जिन्याखाली बसवलं होतं, आणि बसवणारे इथे माझ्या शेजारी उभे आहेत. कारण तुम्ही कच्ची मुलं शाळेतून हाकलत होता आणि ते बोलले. तोंड उघडणारे ते एकटेच होते. आता त्याच माणसाच्या नावाने तुम्ही पहिल्या नंबराला बक्षीस देणार? पहिल्या नंबराचं त्यांनी काय करायचं? पहिला आलेला पोरगा कोण, हे त्यांच्या लक्षातही राहायचं नाही. बक्षिसाला त्यांचं नाव द्यायचं नाही. मी देऊ देणार नाही."

अध्यक्षांनी हळूच माइक स्वतःकडे वळवला. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

"दुःखाचा भर आहे," ते लोकांना म्हणाले. "मुलीचं मन आहे. आपण सगळे समजून घेऊ या."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. शिवी दिली असती तर परवडलं असतं. मी वळले आणि फुलांमधून तो फोटो उचलला. फ्रेम भलतीच जड होती. मांडीएवढी उंच, वर काच. ती पोटाशी धरून मी स्टेजच्या पायऱ्या उतरले, मधल्या वाटेने चालत निघाले, आणि मला मागे आईच्या चपलांचा आवाज ऐकू आला. बाहेर टॅक्सीच्या मागच्या दारातून फ्रेम आत जाईना. आडवी केली, उभी केली, तिरकी केली. टॅक्सीवाला म्हणाला, "बाई, साहेबांना पुढे बसवा." शेवटी कर्णरेषेत धरली तेव्हा गेली. मी आणि आई दोघीही हसायला लागलो, आणि मग आई रडायला लागली. बाबा गेल्यापासून ती पहिल्यांदा रडली.

घरी पोचल्यावर दादाने माझी हजेरी घेतली.

"समाधान झालं? माझी मुलं होती तिथे. आजोबांच्या सभेत आत्या तमाशा करते, हे लक्षात राहील त्यांच्या."

"राहू दे. आजोबा कोण होते तेही राहील."

"ते गेलेत. आता कुणी काय म्हणालं, काय फरक पडतो? चार लोक चांगलं बोलत होते, तेही तुला बघवलं नाही."

"चांगलं बोलत नव्हते. जिवंतपणी गप्प करता आलं नाही, म्हणून आता करत होते."

"तू अगदी त्यांच्यासारखी आहेस," दादा म्हणाला. आमच्या घरात ही सगळ्यात वाईट शिवी आहे, आणि दादाने ती शिवी म्हणूनच दिली होती. संध्याकाळच्या गाडीने तो निघून गेला. नंतर बरेच दिवस त्याचा फोन आला की तो आईलाच यायचा.

ही गोष्ट इथेच थांबली असती, तर मी नुसतीच धुमसत राहिले असते. पण सभेनंतरच्या आठवड्यात दुकानात एक बाई आली. माझ्याच वयाच्या आसपासची, हातांवर जुन्या भाजल्याच्या खुणा. मला वाटलं, चष्मा हवाय. ती गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबली आणि मग म्हणाली, "ताई, मी लाँड्रीवाली. तुम्ही परवा सभेत काढून टाकलेल्या मुलांबद्दल बोललात ना, त्यातली एक."

बाबा ज्या मुलीसाठी मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले होते, ती. वडिलांमागे आता लाँड्री तीच चालवते. मी तिला बसायला स्टूल दिलं, पण ती बसली नाही.

"सर मला जिन्याखाली शिकवायचे," ती म्हणाली. "लोकांना वाटतं, सरांकडे गेलेला प्रत्येकजण पास झाला. मी नाही झाले. दोनदा बसले, दोनदा गेले. सर म्हणाले, तिसऱ्यांदा बस. मी म्हटलं, पुरे. तेव्हा रागावले होते माझ्यावर. महिनाभर कपडे दुसऱ्या लाँड्रीत टाकत होते."

हे अगदी बाबांचं होतं. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

"मग आता काय झालं?" मी विचारलं.

"माझी मुलगी त्याच शाळेत आहे. शेवटच्या वर्षाला. काल मला बोलावून घेतलं त्यांनी." ती काउंटरला टेकली. "तेच सांगितलं, ताई. शब्दही तेच. तुमचीच बेअब्रू होईल म्हणाले."

इतकी वर्षं झाली होती. मधे बाबांचं जिन्याखालचं आयुष्य होऊन गेलं, सभा झाली, फुलं झाली, टाळ्या झाल्या. आणि सभेनंतरच्या आठवड्यात, फुलं सुकलीही नसतील, त्यांनी पुन्हा तेच केलं होतं.

"दाखला घेतलात?" मी विचारलं.

"नाही. म्हणून तर तुमच्याकडे आले."

मी दुकानाचं शटर ओढलं.

त्या दिवशी मी ओरडले नाही. ओरडून काय होतं ते सभेत कळलं होतं. त्यांना समजून घ्यायची संधी मिळते. आम्ही दोघी जाऊन शाळेच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर बसलो. आताच्या मुख्याध्यापिका बाई तरुण आहेत, भेदरलेल्या दिसल्या. हे माझ्या हातात नाही, वरून ठरतं, असं म्हणाल्या. "मग वरच्यांना बोलवा, आम्ही बसलोय," मी म्हटलं. वरचे त्या दिवशी आले नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा जाऊन बसलो. लाँड्रीवालीने येताना आणखी दोन आयांना आणलं होतं, एका मुलाचे वडीलही आले. त्यांनाही तेच सांगितलं गेलं होतं आणि प्रत्येकाला वाटलं होतं, आपलंच मूल मंद. एकमेकांकडे बघून त्यांचे चेहरे बदलत गेले, ते मी बघत होते. लाज उतरत होती आणि संताप चढत होता.

ते दिवस नवीन प्रवेशांचे होते, हे आमचं नशीब. छोट्या मुलांची बोटं धरून नवे पालक शाळा बघायला येत होते आणि त्यांना आमच्या बाकासमोरूनच जावं लागत होतं. कुणीतरी विचारायचंच, तुम्ही कशासाठी बसलात? लाँड्रीवाली सांगायची. काही वाढवून नाही, चढवून नाही. "आमची मुलं अभ्यासात कच्ची आहेत, म्हणून शाळा त्यांना परीक्षेआधी काढून टाकतेय. तुमचं मूल हुशार असेल तर घाला. घाबरण्यासारखं काही नाही." हे ऐकून एक बाई मुलाला घेऊन तिथूनच परत फिरली. मग आणखी एक जोडपं.

तासाभरात अध्यक्षांची गाडी आली.

"बाळ," ते मला म्हणाले, "तुझ्या वडिलांना हे आवडलं असतं का?"

"मला बाळ म्हणू नका. आणि हो, आवडलं असतं."

"शाळेचा निकाल खाली येईल. नुकसान कुणाचं? पुढच्या मुलांचं."

मी तोंड उघडणार होते, पण लाँड्रीवाली उठली. "साहेब, माझ्या वडिलांनी तुमचे आभार मानले होते," ती म्हणाली. "हात जोडले होते. ते मी विसरलेले नाही. माझ्या मुलीचा दाखला मी घेणार नाही. तिला नापास व्हायचं असेल तर ती तुमच्या शाळेतून होईल."

अध्यक्षांनी आजूबाजूला पाहिलं. दोन-तीन नवे पालक दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी घड्याळ बघितलं, मुख्याध्यापिका बाईंना आत बोलावलं, दार लावलं. थोड्या वेळाने बाई बाहेर आल्या आणि कुणाच्याही डोळ्यांकडे न बघता म्हणाल्या, सगळी मुलं शाळेतूनच परीक्षेला बसतील. आमच्याशी बोलून झाल्यावर त्या माझ्याजवळ रेंगाळल्या. "मला सर शिकवायला नव्हते," त्या हळूच म्हणाल्या, "पण ती जिन्याखालची खोली अजून आहे. दाराच्या आतलं कुणी पुसलेलं नाही." हे त्या मला सांत्वन म्हणून सांगत होत्या की काय कोण जाणे. मी म्हटलं, "बाई, तुमच्यात धमक असेल तर ती खोली बंद करा आणि मुलांना वर्गात शिकवा." त्या लाल झाल्या. बरं झालं.

परीक्षा झाल्या. त्या बाकावरच्या मुलांपैकी काही पास झाली. लाँड्रीवालीची मुलगी बाकी सगळ्यात सुटली आणि गणितात राहिली. फाटकावर त्या वर्षी फलक लागला नाही. पारितोषिक मात्र दिलं गेलं, अध्यक्षांच्या दिवंगत काकांच्या नावाने. गावात माझ्याबद्दल बरंच बोललं गेलं. बापाच्या नावाने शाळेची अब्रू घालवली, असं तोंडावर म्हणणारेही भेटले. त्यातल्या एकाचा चष्मा माझ्याकडे दुरुस्तीला होता, तो मी नीट करून दिला आणि पुन्हा येऊ नका म्हणून सांगितलं.

दादाचा फोन निकालानंतर मला आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने विचारलं, "मग, राग गेला का तुझा?"

"नाही," मी म्हटलं.

तो म्हणाला, "माझाही आत्ता आत्ता यायला लागलाय." आमच्यात समेट झाला तो एवढ्यावर.

हल्ली लाँड्रीवालीची मुलगी दुपारी माझ्या दुकानात येते. लाँड्रीत वाफ असते आणि सारखं कुणीतरी येत-जात असतं, म्हणून तिला काउंटरच्या मागची जागा दिली आहे. मला शिकवता येत नाही. बाबांसारखा माझा जीव चुकीत रमत नाही. तिने एकच गणित तिसऱ्यांदा चुकवलं की मी भडकते, ती तोंड फुगवते, आणि चष्म्याचे नंबर तपासून घ्यायला आलेली माणसं आमच्याकडे बघत बसतात. परवा तिने पेन्सिल टाकली आणि म्हणाली, "मला गणित नकोच आहे. शिवण शिकणार आहे मी."

"शिक की," मी म्हटलं. "पण आधी हे संपव."

तिने रागाने पेन्सिल उचलली. फेरपरीक्षा पुढच्या महिन्यात आहे. पास होईल की नाही, मला सांगता येत नाही.